‘जोरात दाबा’ असं पेटी म्हणते तेव्हा

फेब्रुवारीच्या अंकात व्यायामशाळांबद्दलच्या एका पत्राला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते, की हल्लीच्या काही एईडी पेट्या नुसता शॉक देत नाहीत, छाती नीट दाबली जातेय की नाही हेही तोंडाने सांगतात. त्या एका वाक्यावर २७ पत्रं आली. संपादकांनी या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय, तेव्हा गुडघेदुखी आणि थायरॉइडवाल्यांनी महिनाभर कळ काढावी. त्यातली काही पत्रं आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर पुढे देते.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. एईडी म्हणजे विमानतळावर, मॉलमध्ये भिंतीला लावलेली ती पेटी. माणूस कोसळला, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास नीट नाही, अशा वेळी छातीला तिचे दोन पॅड चिकटवायचे. हृदयाची लय ती स्वतः वाचते आणि गरज असेल तरच शॉक द्यायला सांगते. आणि मी भूलतज्ज्ञ. साताऱ्यात ३१ वर्षं लोकांना झोपवलं आणि देवाच्या दयेने उठवलंही. निवृत्तीनंतर दर रविवारी बंडोपंत नावाचा रबरी पुतळा स्कूटरवर पुढे उभा करून गावोगाव सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवायला जाते. बंडोपंताला पाय नाहीत. नाक्यावरचे पोलीस आता हसतात, पूर्वी थांबवायचे.

आमच्या सोसायटीत ९६ फ्लॅट आहेत आणि ज्येष्ठ मंडळी पुष्कळ. एईडी घ्यायचं सर्वसाधारण सभेत मंजूर झालं. दोन कोटेशनं आली आहेत. एका पेटीत ‘सीपीआर फीडबॅक’ आहे, ती ३५ हजारांनी महाग आहे. सेक्रेटरी म्हणतात, शॉक दोन्ही सारखाच देतात, मग बडबडीचे पैसे कशाला मोजायचे? – खजिनदार, ठाणे

आधी माझी फजिती ऐका. २०१६ साली आमच्या हॉस्पिटलात मोजमाप करणारा पुतळा पहिल्यांदा आला. त्याला लॅपटॉप जोडलेला. दाखवायला आलेला मुलगा माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचा. मी तोवर २८ वर्षं भूल देत होते, टेबलावर बंद पडलेली हृदयं या हातांनी चालू केली होती. पदर खोचला, दोन मिनिटं दाबलं आणि ऐटीत उठले. पडद्यावर आकडे आले. सरासरी खोली ४.१ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १३४. पाहिजे होती खोली ५ ते ६ सेंटिमीटर आणि वेग १०० ते १२०. ‘मॅडम, जरा घाईत होता,’ तो मुलगा म्हणाला. मागे उभ्या असलेल्या सिस्टर्सनी खिडकीबाहेर बघितलं.

त्या दिवशी मला कळलं, की तळहाताला खोली समजत नाही. त्याला फक्त जोर समजतो. आपण जीव तोडून दाबतोय म्हणजे खोल जातंय असं वाटतं, आणि दमल्यावर तर तेही खोटं ठरतं. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात प्रशिक्षित माणसांना पुतळ्यावर सलग पाच मिनिटं दाबायला लावलं होतं. पहिल्या मिनिटात जवळजवळ ९३ टक्के दाब बरोबर होते. तिसऱ्या मिनिटाला ३९ टक्के. पाचव्याला १८. गंमत म्हणजे दाबणाऱ्यांना आपलं काम बिघडलंय याचा पत्ताच नव्हता.

फीडबॅकवाली पेटी नेमकी इथे उपयोगी पडते. तिच्या पॅडला जोडून एक चपटी चकती असते, ती छातीच्या मधोमध येते आणि तिच्यावरच हात ठेवून दाबायचं. चकती किती खाली गेली हे ती मोजते आणि ‘जोरात दाबा’ किंवा ‘छान दाबताय’ असं सांगते. सोबत टिकटिक चालू असते, तिच्या ठेक्यावर हात चालवायचा. अशी पेटी २००२पासून बाजारात आहे, त्यामुळे हे काही कालपरवाचं फॅड नव्हे.

पण माझ्या रविवारच्या अनुभवावरून सांगते, मोजमापापेक्षाही ती आणखी एक मोठं काम करते. ती परवानगी देते. वाईच्या एका वर्गात बँकेतले एक सद्गृहस्थ होते. भल्या मोठ्या अंगाचे, पण बंडोपंताला असे दाबत होते जसं कुणी पुरणपोळीचं पीठ फुटू नये म्हणून जपून थापतं. मी तीनदा म्हटलं, काका, आणखी खाली. ‘बरगडी मोडेल हो,’ ते म्हणाले. मोडते कधीकधी, खोटं कशाला सांगू. पण बरगडी जुळते, बंद पडलेलं हृदय आपोआप जुळत नाही. हे सगळं सांगून झालं तरी हात काही खाली जाईना. मग सरावाची बोलकी पेटी लावली. तिने एकदाच ‘पुश हार्डर’ म्हटलं आणि काकांनी बंडोपंताची स्प्रिंग कण्हेपर्यंत दाबलं. बायकोचं, डॉक्टरचं, कुणाचं न ऐकणारा माणूस यंत्राचं ऐकतो. अनोळखी माणसाची छाती दाबताना आपल्या मनात जी धाकधूक असते, तिची जबाबदारी जणू पेटी स्वतःवर घेते.

आता सेक्रेटरींच्या बाजूने. पेटी येते उशिरा. कुणीतरी धावत खाली जाणार, ती काढणार, लिफ्टची वाट बघणार. हृदयाला शॉकची गरज असेल तर मदतीविना गेलेल्या दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्या मिनिटांत जे काही होतं ते मुक्या हातांनी होतं, आणि त्या हातांना आधी शिकवलेलं नसेल तर पेटीची बडबड फार उशिरा सुरू झालेली असते. शिवाय बोलणारी वस्तू आली की माणसं ऐकायला थांबतात. ‘विश्लेषण चालू आहे, हात लावू नका’ म्हटल्यावर हात काढतात ते बरोबर, पण ते संपलं तरी काढलेलेच राहतात. माझ्या वर्गात तर ‘गुड’ म्हटल्यावर थांबून माझ्याकडे शाबासकीसाठी बघणारे दोघं निघाले.

माझ्या हातात असतं तर मी असं ठरवलं असतं: वर्षातून दोनदा सोसायटीत सराव होणार असेल, वॉचमन, कामवाल्या मावशी, कॉलेजातली पोरं सगळ्यांसकट, तर महागडी घ्या. होणार नसेल तर स्वस्तातली घ्या आणि ३५ हजार शिकवण्यावर घाला. २००४ साली अमेरिका-कॅनडात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही ठिकाणच्या स्वयंसेवकांना नुसतं सीपीआर शिकवलं, काही ठिकाणी सीपीआर आणि एईडी दोन्ही. पहिल्या गटात १५ जण वाचले, दुसऱ्यात ३०. पेटीने आकडा दुप्पट केला खरा, पण दोन्ही गट शिकलेले होते हे विसरू नका.

विक्रेत्याला मात्र छेडून विचारा, की ही पेटी खोली खरंच मोजते की नुसतीच टिकटिक करते? दोन्हीला कोटेशनात ‘सीपीआर असिस्ट’ असंच लिहिलेलं मी पाहिलंय. पॅडची मुदत किती आणि बदलायला किती पडतात, हेही विचारा. चकतीवाले पॅड महाग असतात आणि ते संपल्यावर सोसायट्या मुकाट्याने विसरतात. तुमच्या रात्रपाळीच्या वॉचमनला जी भाषा येते त्या भाषेत पेटी बोलायला हवी. हिंदी आवाजाच्या पेट्या मिळतात. आणि ती ऑफिसात कुलपात ठेवणार असाल तर घेऊच नका, त्यापेक्षा पाण्याच्या टाकीला रंग द्या.

माझे सासरे (वय ७४) दुपारी जेवून पडले होते. घोरल्यासारखा विचित्र आवाज आला म्हणून बघायला गेले, तर हलवूनही उठेनात. दिरांनी १०८ला फोन केला. मी शाळेत शिकलेलं आठवून पलंगावरच छाती दाबायला लागले. समोरच्या सूतगिरणीतून पेटी आणली तोवर १०-१२ मिनिटं गेली असतील. मग त्यांना खाली घेतलं. पेटी सारखी ‘पुश हार्डर’ म्हणत होती. मी आणखी जोर केला तेव्हा ‘गुड’ म्हणाली. पण शॉक तिने दिलाच नाही, आणि ते गेले. मला अजून रात्री तो आवाज ऐकू येतो. पलंगावर मी जे दाबलं ते सगळं फुकट गेलं का? – एक सून, इचलकरंजी

ताई, नाही.

आता जरा सविस्तर सांगते, कारण ‘नाही’ एवढ्याने रात्रीचा आवाज जाणार नाही.

पहिली गोष्ट. तो घोरल्यासारखा आवाज म्हणजे झोप नव्हती, श्वासही नव्हता. हृदय थांबल्यावर मेंदूच्या बुडातून येणारे ते शेवटचे आचके असतात. चांगले शिकलेले लोकही त्यांना ‘श्वास चालू आहे’ समजून वाट बघत बसतात. तुम्हाला काहीतरी बिनसलंय हे ओळखू आलं आणि तुम्ही हात लावलात. आपल्या देशात बहुतेक घरांत अशा वेळी चपला सापडेपर्यंत, गाडी काढेपर्यंत कुणी छातीला हातच लावत नाही.

दुसरं पलंगाचं. गादी काही दाब खाते हे खरं. म्हणून आम्ही जमिनीवर घ्या म्हणतो. पण यात एक गोष्ट अशी आहे जी तुम्हाला बरी वाटेल. पेटीची चकती छाती किती दबली हे मोजत नाही, ती स्वतः किती खाली गेली हे मोजते. गादीसकट. तुम्ही पलंगावर दाबताना ती पेटी तिथे असती तर तिने कदाचित लवकरच ‘गुड’ म्हटलं असतं, आणि ते पूर्ण खरं नसतं. जमिनीवर तिचं मोजमाप खरं होऊ लागलं आणि तिने जास्त मागितलं. म्हणजे आधी तुम्ही नापास आणि नंतर पास, असा तो निकाल नव्हता.

तिसरं, हातांचं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टॉकहोम, लंडन आणि नॉर्वेतल्या आकर्शुस भागात अँब्युलन्सवरच्या शिकलेल्या, पगारी माणसांचं काम अशाच चकत्यांनी मोजलं गेलं. १७६ रुग्ण. सरासरी खोली निघाली ३४ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरही नाही. आणि रक्त फिरत नसलेल्या एकूण वेळापैकी जवळजवळ निम्मा वेळ, ४८ टक्के, छातीवर कुणाचे हातच नव्हते. हे रोज हेच काम करणारे लोक. फीडबॅकचं एवढं मनावर घ्यायला जगाने सुरुवात केली ती अशा आकड्यांमुळेच. तुम्ही एकटीने, कुणी न सांगता, दहा मिनिटं दाबत राहिलात.

आणि शॉक. पेटी शॉक देते मुख्यतः हृदय थरथरत असेल तर. म्हणजे वीज आहे पण ताल नाही, अशा अवस्थेत. ती थरथर विझली किंवा मुळात नव्हतीच, तर शॉकचा उपयोग नसतो, आणि पेटी तसं सांगते. तिने शॉक न देणं हे तुमच्या दाबण्यावरचं मत नव्हतं. उत्तम दाबलं तरी नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश एवढंच रक्त फिरतं. त्यावर ७४ वर्षांचं हृदय दर वेळी परत येत नाही. ऑपरेशनच्या टेबलावर, सगळी यंत्रं हाताशी असतानाही माझ्या हातून दोघं गेले आहेत. मला त्यांचे चेहरे आठवतात.

‘पुश हार्डर’ ही त्या पेटीत भरलेल्या मोजक्या वाक्यांपैकी एक आहे. खोली कमी भरली की ती ते म्हणते. माझ्यासाठी म्हटलं, तुमच्यासाठी म्हटलं. तिला तुमच्या सासऱ्यांबद्दल काही माहीत नव्हतं.

चकतीत ॲक्सेलेरोमीटर (त्वरण, म्हणजे वेगातला बदल मोजणारा सेन्सर) असतो, तोच माझ्या फोनमध्ये आणि घड्याळातही आहे. मग लाखाच्या पेटीऐवजी एखादं ॲप का पुरू नये? आणि त्वरणावरून खोली काढताना चूक साठत जात नाही का? – इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, पुणे

साठते. त्वरणाचं दोनदा संकलन केलं की अंतर मिळतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दर वेळी थोडी चूक उरते आणि काही सेकंदांत शून्य कुठल्या कुठे सरकतं. म्हणून ही यंत्रं दर दाबाला नव्याने सुरुवात धरतात. काहींनी चकतीत दाब मोजणारा सेन्सरही घातला, म्हणजे हात पूर्ण सुटला की नाही तेही कळतं. दोन दाबांच्या मध्ये छातीवर रेलून राहणं ही फार छुपी चूक आहे. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदय भरतच नाही. एका कंपनीने पाठीखाली एक पाटी आणि छातीवर एक चकती ठेवून त्यांच्यातलं अंतर चुंबकीय क्षेत्राने मोजायची युक्ती काढली, त्यामुळे गादीची चूक गेली. आणखी एका पेटीत चकतीच नाही. पॅडमधल्या विद्युत रोधाच्या चढउतारावरून ती दाबण्याचा अंदाज घेते.

फोनबद्दल: ॲप बनतात, पुतळ्यावर बऱ्यापैकी चालतातही. पण त्या क्षणी तुमचा फोन १०८ला लागलेला आणि स्पीकरवर हवा. घामट तळव्याखाली काच ठेवून दाबून बघा एकदा. नुसती टिकटिक हवी असेल तर तिचा फायदा मर्यादित: वेग सुधारतो, खोली नाही.

तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. छाती दाबण्याचा शोधच मुळी डिफिब्रिलेटरच्या, म्हणजे शॉक देणाऱ्या यंत्राच्या, उठाठेवीतून लागला. १९५८च्या सुमारास बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवन नावाचे विजेचे इंजिनिअर (डॉक्टर नव्हे!) कुत्र्यांवर बाहेरून शॉक द्यायचे प्रयोग करत होते. त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं, की जड पॅडल छातीवर नुसती दाबली, वीज सोडायच्या आधीच, तरी रक्तदाबाची रेघ वर उसळते. त्या दोघांनी आणि सर्जन जेम्स ज्यूड यांनी १९६०मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि लिहिलं, यासाठी दोन हात पुरेत. मला नेहमी वाटतं, ती उसळलेली रेघ हाच पहिला फीडबॅक. यंत्राने दाखवलं म्हणून हातांना कळलं, आपण काय करतोय ते.

आपण या पेट्यांचं कौतुक करता, पण फीडबॅकमुळे जास्त रुग्ण वाचतात असा पुरावा कुठे आहे? २०११चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला अभ्यास आपण वाचला असेलच. – एक जनरल प्रॅक्टिशनर, नांदेड

वाचलाय, आणि तुम्ही तो काढलात म्हणून मनापासून आनंद झाला. इतर वाचकांसाठी: अमेरिका-कॅनडातल्या अँब्युलन्स सेवांवर केलेला हा अभ्यास, १५८६ रुग्ण. अर्ध्या काळात यंत्र बोलत होतं, अर्ध्या काळात ते गुपचूप मोजत होतं. बोलल्यामुळे खोली ३८ची ४० मिलिमीटर झाली, छातीवर हात असण्याचा वेळ ६४चा ६६ टक्के झाला, रेलून राहणं १५वरून १० टक्क्यांवर आलं. आणि हृदय परत सुरू होण्याचं प्रमाण? ४४ आणि ४५ टक्के. म्हणजे जिथल्या तिथे.

डॉक्टरसाहेब, माझं वाचन असं: दोन मिलिमीटरने जीव वाचावेत अशी अपेक्षाच फार होती. बोलूनही सरासरी ४ सेंटिमीटरवरच राहिली, आजच्या ५ला पोचलीच नाही. यंत्राने सांगितलं, माणसांनी थोडंसं ऐकलं. तेच ॲरिझोनात २०१३मध्ये जे प्रसिद्ध झालं त्यात आधी कसून प्रसंगनाट्यासारखा सराव घेतला आणि मग यंत्राचा आवाज चालू केला. तिथे वाचणारे ८.७ टक्क्यांवरून १३.९ टक्क्यांवर गेले. ही आधी-नंतरची तुलना होती, चिठ्ठ्या टाकून (कुणाला यंत्र मिळणार हे नशिबावर सोडून) केलेली नव्हे, त्यामुळे तुम्ही नाक मुरडाल, मुरडा. इराणमध्ये अतिदक्षता विभागांतल्या ९०० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकूनच केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पुरेसं दाबलं की ‘टक्’ वाजणारं एक साधं साधन, बॅटरीही नाही. हृदय परत सुरू होण्याचं प्रमाण ४२.४ टक्क्यांचं ६६.७ टक्के झालं. फरक एवढा मोठा आहे, की मलाच तो जपून घ्यावासा वाटतो.

पण यातला एकही अभ्यास रस्त्यावरच्या माणसाचा नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते. सामान्य लोकांवरचे बहुतेक प्रयोग पुतळ्यावर झाले. तिथे निकाल एकसुरी आहे: आवाज असला की खोली आणि वेग सुधारतात. पुतळा मरत नाही, म्हणून जीवाचा हिशेब तिथे लागत नाही. बाकी आपल्याकडे मुळात दाबणाराच सापडत नाही. दाबण्याचा दर्जा हा आपला दुसरा प्रश्न आहे, पहिला नव्हे. म्हणूनच आपल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७मध्ये सामान्य लोकांसाठी जी पद्धत आखली, तिच्यात तोंडाने श्वास देणं काढूनच टाकलं: ओळखा, मदत बोलवा, छाती दाबत राहा, हॉस्पिटलला पोचवा.

फीडबॅकची खरी जागा माझ्या मते वर्गात आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने ३१ जानेवारी २०१९पासून मोठ्यांच्या सीपीआर वर्गांत मोजून सांगणारं साधन सक्तीचं केलं. बंडोपंतालाही मी त्यानंतर नवं पोट बसवून घेतलं. बरोबर दाबलं की छातीवर हिरवा दिवा लागतो. तो लागेपर्यंत प्रमाणपत्र नाही. दहा वर्षांचा मुलगा उड्या मारून तो लावायचा प्रयत्न करतो आणि त्याचे वडील दोन मिनिटांत धापा टाकतात. एकदा तळहाताने ५ सेंटिमीटर ‘चाखले’ की पेटी नसली तरी हात बरेच दिवस विसरत नाहीत. बरेच दिवस म्हणजे काही महिने. पुढे उजळणी लागतेच.

आम्ही कॉलेजच्या एनएसएसमध्ये शिकलो, पण सगळे पुतळे पुरुषाचे होते. बाई कोसळली तर कपड्यांचं काय करायचं? चकती कुठे ठेवायची? – द्वितीय वर्ष, पनवेल

शाबास. हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पुरुषाने एकदाही विचारला नाही.

पॅड उघड्या कातडीवरच चिकटतात. पदर बाजूला, ब्लाउज आणि आतले कपडे मधून कापायचे. चांगल्या पेटीत कात्री असते, नसेल तर सोसायटीने ठेवावी. मंगळसूत्र पॅडखाली येऊ द्यायचं नाही, काढत बसू नका, बाजूला सरकवा. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं डाव्या कुशीत, स्तनाच्या बाजूला आणि खाली. चकती छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, दोन स्तनांच्या मध्ये, पुरुषाला जिथे तिथेच. मैत्रिणींनी ओढण्या धरून आडोसा करायचा, पण दाबणं थांबवायचं नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना कुणीतरी सीपीआर दिला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. ती दरी लाजेची आहे. पेटीचा आवाज ‘कपडे काढा’ असं सरळ म्हणतो, आणि त्याचा इथेही उपयोग होतो: चारचौघांत ते वाक्य तुम्हाला म्हणावं लागत नाही.

माझं वय ६८, वजन ४७ किलो. घरी मी आणि यजमान दोघंच. त्यांना दोन स्टेंट आहेत. खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात अशी बोलणारी पेटी आहे. मला एवढा जोर जमायचा नाही. ती ‘जोरात दाबा, जोरात दाबा’ ओरडत राहिली तर मी काय करू? – एक आजी, मडगाव

आजी, हातांनी दाबूच नका. अंगाने दाबा. त्यांना जमिनीवर घ्या, गुडघे त्यांच्या कुशीला अगदी चिकटवून बसा, कोपर ताठ, खांदे बरोबर तळव्यांच्या वर, आणि नमस्काराला वाकतो तसं कमरेतून अख्खं वजन सोडा. साधारण छातीला ५ सेंटिमीटर दबायला ४० ते ५० किलोचा भार लागतो. तुमच्याकडे ४७ आहेत, पण त्यातले थोडे गुडघ्यावरच राहतात, म्हणून काठावरचं गणित आहे. कमी पडेल थोडं. साडेचार सेंटिमीटर दाबणारी आजी ही शेजाऱ्यांच्या दारावर थापा मारत फिरणाऱ्या आजीपेक्षा फार बरी.

पेटी ओरडत राहिली तर तिला रागावू नका. ‘हात बदला’ असा तिचा अर्थ लावा. दुसरं माणूस लागेल, दर दोन मिनिटांनी आळीपाळीने. म्हणून तयारी आज करायची: दवाखाना रात्री बंद असतो का, किल्ली कुणाकडे असते, शेजारचा कुठला मुलगा घरी असतो. त्या मुलाचा नंबर फोनच्या पहिल्या बटणावर घाला आणि त्याला एकदा चहाला बोलवून सगळं दाखवा. पहिला फोन १०८ला, स्पीकरवर, आणि फोन जमिनीवर ठेवून हात छातीवर.

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला मडगावला येते आहे. बंडोपंताला रेल्वेत आणायचं म्हणजे टीसीला समजावणं आलं, पण आणते. हळदीच्या दिवशी दुपारी सगळे मोकळेच असतात. यजमानांनाही बसवा; त्यांचं वजन किती आहे?